नानांची रायफल आन आईची सही

नाना वारले तेव्हा त्यांची रायफल पोलीस ठाण्यात होती. गुन्हा बिन्हा काय नाय. निवडणूक लागली की लायसनवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची आन निकाल लागला की परत आणायची, असा नियम हाय. नाना दर निवडणुकीला जमा करायचे, परत आणायचे. नव्व्याण्णव साली जमा केली आन निकालाच्या आधी स्वतःच गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

नाना म्हणजे आईचे वडील, चिमाजी. चांदवडच्या अलीकडं त्यांचा मळा, कांद्याचा. तरुणपणी फौजेत होते. सुटून आल्यावर कुण्या साहेबाच्या शिफारशीनं फौजेतलीच जुनी थ्री नॉट थ्री त्यांना लायसनवर मिळाली. तेव्हा लांडगे मेंढरं उचलून न्यायचे म्हणे. जड, लाकडी दस्त्याची, एकेका गोळीला बोल्ट मागं ओढून पुढं ढकलायचा. पोलिसांच्या खांद्याला असायची, तसलीच.

ती साफ करायचं काम आईचं. भारतमामा आईपेक्षा लहान, पण पोरगा म्हणून नानांनी आधी त्याला बसवलं. साफ करायच्या आधी नाना एक बार काढायचे, तो निघाला की हा कानात बोटं घालून कणगीमागं! मग नाना म्हणले, "छाये, ये तू." चिंधीला शिलाई मशीनचं तेल लावायचं, ती दोरीला बांधायची, नळीच्या एका तोंडातनं सोडून दुसऱ्या तोंडातनं ओढायची. एका टोकाला नाना, एका टोकाला आई. लग्न होऊन ती आमच्याकडं मखमलाबादला आली, झेंडू-शेवंतीच्या वावरात राबायला लागली, तरी दसऱ्याच्या आधी चांदवडला जायची ती ह्याच्यासाठी. ऐन झेंडूच्या सीझनला! पप्पा करवादायचे. ती जायचीच. लोकांच्या आया माहेराहून पापड-कुरडया आणतात, आमची आई हाताला तेलाचा वास घेऊन यायची.

नानांचं तेरावं झालं आन थोड्या दिवसांनी मामा दोन कागद घेऊन आमच्या घरी आला. मी नववीतनं शाळा सोडून सातपूरला एका वर्कशॉपमधी लेथवर लागलो होतो. त्या दिवशी खाडा करून घरीच लोळत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलं.

पहिला कागद हक्कसोडीचा. मळ्यातला बहिणीचा हिस्सा भावाला सोडून दिला, असा. मामा म्हणला, "आक्का, इथं कर." आईनं केली. विचारलं नाय, वाचलं नाय. आमच्याकडं सगळ्याच बहिणी करतात. मग दुसरा कागद पुढं सरकवला.

"हा कशाचा?"

"ना हरकत. नानांची बंदूक माझ्या नावावर करायचीय. बाकीच्या वारसांनी हरकत नाय म्हणून लिहून द्यायचं असतं."

बाकीचे वारस म्हणजे एकटी आईच. तिनं पेन खाली ठेवलं.

"ही नाय."

"नाय म्हणजे?"

"नाय म्हणजे नाय. ती मला पाहिजे."

मामाला वाटलं मस्करी हाय. "आक्का, झेंडूत बिबट्या मारणार का तू?"

"आन तू काय मारणार? कणगीमागचे उंदीर?"

पप्पांना चहाचा ठसका लागला. मामाचं तोंड लाल झालं.

"आख्खा मळा दिला आन लोखंडाच्या नळीला अडली?"

"मळ्यात तू राबला, तुला दिला. रायफलीला तू कधी हात लावलाय, सांग."

मामा उठला. चहा तसाच. जाताना पप्पांना म्हणला, "दाजी, समजवा हिला." पप्पा म्हणले, "तुमची बहीण हाय, तुम्ही समजवा."

मला माहीत होतं त्याला कशाला पाहिजे ते. सरपंचकीला उभं राहायचं होतं. जीप घेतली होती, पांढरे कपडे शिवले होते, आता खांद्याला रायफल लावून लग्नांत पहिल्या रांगेत बसायचं होतं. तेवढंच.

त्या वर्षी भाऊबीजेला मामा आला नाय. आईनं ताट करून ठेवलं होतं. दिवसभर वाट बघितली आन अंधार पडल्यावर अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊच नसतो ती चंद्राला ओवाळते. हिचा भाऊ चांदवडात जीप फिरवत होता! मी म्हणलं, "आई, जातो आन त्याच्या जीपच्या काचा फोडून येतो." तिनं खाडकन कानाखाली दिली. "माझा भाऊ हाय तो." बरं बाबा, तुझा भाऊ. माझं डोकं मात्र फिरलं ते फिरलंच.

मग तिनं स्वतःच्या नावानं लायसनचा अर्ज केला. मामानंही केला. हिची त्याला हरकत, त्याची हिला. कलेक्टर ऑफिसात माझ्या जुन्या एम-एटी गाडीवर बसवून किती चकरा मारल्या, हिशोब नाय. आज साहेब मीटिंगला, उद्या फाईल खाली, परवा फाईल वर. एक क्लार्क म्हणला, "बाई, मिस्टरांच्या नावानं करा ना." आई म्हणली, "मिस्टरांच्या बापाची नाय ती, माझ्या बापाची हाय." अर्जावर एक रकाना होता, हत्यार कशासाठी पाहिजे. ही म्हणली, "साफ करायला." क्लार्क इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे पण वळून बघायला लागले. मी त्याची कॉलर धरायला पुढं झालो, तर आईनं माझा शर्ट मागनं धरला. शेवटी क्लार्कनंच 'पीक संरक्षण' लिहिलं. कसलं पीक! झेंडूला कोण खातं?

एकदा म्हणली, ठाण्यात जाऊ. नानांच्या ओळखीचे भिकन हवालदार होते तिथं. आईनं पिशवीतनं तेलाची बाटली आन धोतराचा फाटका तुकडा काढला. "भिकनभाऊ, पाच मिनिटं. तुमच्यासमोर पुसते."

"ताई, हात नाय लावू देता येत. माझी नोकरी जाईल. लांबून बघा पायजे तर."

कोठडीचं दार उघडलं. भिंतीला पाच-सहा बंदुका टेकवलेल्या, गळ्यात चिठ्ठ्या बांधलेल्या. आमची कोपऱ्यात. दारातनं दिसत होतं, बोल्टवर तांबूस थर चढलेला. मी लेथवाला माणूस, मला कळतं गंज कसा सरकतो. आईलाही कळलं. बाटली पिशवीत टाकली आन बाहेर आली.

येताना हायवेला म्हणली, "भारतला दिली असती तर निदान घरात राहिली असती."

मी गाडीच थांबवली. "मग दे ना! कशाला आपल्या सगळ्यांचा जीव खाती?"

"त्याच्या घरातही गंजलीच असती."

"मग मळ्यावर कशाला सही केली? तिथं अडायचं होतं ना! हिस्सा मागायचा होता!"

ती खाली उतरली. कांद्याचे ट्रक जात होते, मोठ्यानं बोलावं लागत होतं. "हर्षल, मळा मागितला असता तर माहेर तुटलं असतं. मला वाटलं, ही मागितली तर एवढं काय. काय किंमत हाय तिची? म्हणून हीच मागितली. तर ह्यानंच तुटलं."

मी किक मारली.

सहा वर्षांनी वरनं उत्तर आलं. हिची बोअर, म्हणजे नळीचं माप, फौजेचं हाय, वारसाला लायसन मिळणार नाय. बहिणीला नाय, भावालाही नाय. दोघांनी हत्यार सरकारजमा करायला संमती द्यावी. एवढ्यासाठी सहा वर्षं!

दोघांना ठाण्यात बोलावलं. मामा आधीच बाकड्यावर बसला होता. सरपंचकी हरला होता, मिशा पिकल्या होत्या. आई बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. मी मधी उभा, मुद्दामच.

साहेब नवीन, तरणा. "बाई, इथं करा सही. विषय संपवून टाकू."

"नाय."

"अहो, तुम्हाला मिळणार तर नायच हाय."

"मिळू नका देऊ. पण मी दिली, असं मी लिहिणार नाय."

साहेबानं कपाळावर हात मारला. "भाऊ, तुम्ही तरी शहाणे दिसता. तुम्ही करा."

मामानं खिशातनं पेन काढलं. टोपण उघडलं. माझ्या मुठी वळल्या. मनात म्हणलं, कर तू, मग बाहेर बघतो तुला. मामा कागदाकडं बघत राहिला, मग आईकडं. टोपण परत लावलं.

"आधी तिची होऊ द्या साहेब. मोठी हाय ती."

"ती करत नाय म्हणती ना!"

"मग मी कशी करू?"

साहेब लय ओरडला. नोटिसा येत राहतील म्हणला, सरकारी कामात अडथळा म्हणला. दोघंही मान खाली घालून बसली, शाळेतल्या पोरांसारखी. आईच्या तोंडावर पदर होता. मला वाटलं रडते. हसत होती.

तेव्हापासनं नोटिसा येतात, इकडं एक, तिकडं एक. आली की मामाचा फोन. "आक्का, आली का तुझ्याकडं?" "आली." "मग काय करायचं?" "काय नाय, डब्यात टाक." आन दोघं खिदळतात. मी म्हणतो, अरे ती तिकडं कोपऱ्यात गंजून चाललीय, बोल्ट आता हातोड्यानं पण हलणार नाय, कुणाला पडलीय का? मामा फोनवरनं विचारतो, "पोरगा का ओरडतोय?" आई म्हणते, "काय नाय रे, तू बोल."