हौदात आंबट किती?

ऐंशीच्या दशकात घरी पोहण्याचा तलाव असलेलं भांडुपमधलं एकमेव कुटुंब आमचं असावं. (तलाव म्हणजे अंगणातला सिमेंटचा हौद. पाणी कमरेएवढं.)

त्या वर्षी बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. गिरणीत तीस वर्षं उभ्याने काम केलेला माणूस तीन महिने खाटेवर पडून होता. मला ते बघवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पाण्यात उभं करून चालवा. पाय जोर धरेल. पण पाणी स्वच्छ हवं."

पाणी हा तर माझाच प्रांत! मी रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होतो. हौदात ब्लीचिंग पावडर टाकली आणि तपासणीच्या थेंबांची बाटली आणली. पेलाभर पाण्यात थेंब टाकायचे. नारिंगी झालं तर पाणी ठीक, लाल झालं तर आम्ल कमी.

लाल झालं.

"आई, आंबट कमी पडतंय," मी गंभीरपणे जाहीर केलं. "उद्या कंपनीतून ॲसिड आणतो."

"ॲसिडात बुडवतलंस त्यांका?" आई किंचाळली. ॲसिडला घरात बंदी झाली.

दुसऱ्या दिवशी तपासलं. जास्तच लाल! "अजून आंबट हवं!" मी ओरडलो. आई लगबगीने स्वयंपाकघरात गेली. तिसऱ्या दिवशी पेला लालभडक. मी डोक्याला हात लावून बसलो.

शेवटी बाबाच वैतागले. "तू रंग बघीत रवलंस तर मी हयच मरान. घाल माका पाण्यात!"

शेजारच्या काकांनी आणि मी त्यांना धरून हौदात उतरवलं. बाबांनी नाक वर करून वास घेतला, मग ओंजळ तोंडाशी नेली.

"रे, माका पाण्यात घातलंस काय सोलकढीत?"

आई पदराआडून म्हणाली, "तो सारको आंबट आंबट म्हणी होतो. वर्साचा कोकमाचा आगळ ओतलंय मी!"

थेंब टाकण्याआधी पाण्याचा रंग बघायचा असतो, हे मला बी.एस्सी.ला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी रागाने माझा हात झटकला, हौदाचा कठडा धरला आणि स्वतःहून एक पाऊल टाकलं. मग दुसरं. आई रडायला लागली. मीही रडलो, उगाच कशाला लपवू!

"बाबा," मी डोळे पुसत विचारलं, "पाण्याचा गुण आला ना?"

"पाण्याचो कसलो? तुझो पुढचो प्रयोग होवच्या आदी माका पळाक येऊक होया!"