कल्पना आणि कात्री

पनवेलच्या बाजारात एक म्हातारा शिंपी बसतो. तो कापडावर खडूने रेघा मारत नाही. दहा मिनिटं नुसता टक लावून बघतो आणि मग एका दमात कापतो. लेकीच्या साखरपुड्याच्या कुर्त्यासाठी मी त्याच्यापुढे आईची इरकल साडी ठेवली. आई गेल्यावर एवढी एकच उरली होती. कात्री चुकली असती, तर तशी दुसरी साडी कुठून आणणार होतो?

तो बघत बसला. मला शांतता सोसत नाही. म्हटलं, "काका, कल्पना या शब्दाचं मूळ ठाऊक आहे? संस्कृतात त्याचा अर्थ घडवणं, जुळवणं आणि चक्क कापणंसुद्धा. कात्रीला कल्पनी म्हणत."

त्याने सावकाश चष्मा काढला. "शब्द बेस हाय. पन सायेब, माजा आर्धा कुर्ता कापून झालता. तुमी मधी बोललाव नि सगला इस्कटला. आता पयल्यापासून."

मी तोंडावर बोट ठेवून पुन्हा दहा मिनिटं बसलो. मग कात्री निघाली आणि कुठेही न अडखळता साडीतून फिरली.

साखरपुड्यात कुर्त्याचं फार कौतुक झालं. त्यातलं थोडं मीही घेतलं. तो तयार होत असताना मी गप्प बसलो होतो.