म्हशीचा रवंथ आणि माझा जबडा

गोठ्यासमोर बसलो की आमची म्हैस रवंथ करताना दिसते. जबडा सावकाश फिरतो, मध्येच थांबतो, आणि थांबला की नुसता सैल राहतो. जन्मभर म्हशी पाळल्या, पण हे आत्ता पाहिलं, कारण माझाच जबडा अडकला.

कानापुढं कट्‌कन वाजायचं आणि तोंड दोन बोटांपुरतंच उघडायचं. भाकरीचा घास जाईना. कापाकापी करून घेणार नाही, असं बजावूनच दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई हसल्या.

"आजोबा, काही कापायचं नाही. तुम्ही दिवसभर दात आवळून बसता. जेवताना सोडून दाताला दात लावायचा नाही. गालाला शेक द्या, थोडे दिवस मऊ खा."

मला पटलं नाही. पोत्यांच्या गाठी मी दातांनी सोडल्यात. पण बायको पाठ सोडीना. येता-जाता म्हणायची, "दात सोडा! आता कुणाशी भांडताय?"

कुणाशीच नाही. तरी दात आवळलेलेच.

आज म्हशीकडं बघता बघता गालाला हात लावला, तर दात आपसूक सुटलेले. तेवढ्यात बायकोनं ताट आणलं. भाकरी दुधात भिजवलेली. एरवी मी ताट सरकवलं असतं.

"म्हातारा करून टाकलंस मला," मी म्हणालो.

"आहातच की. खा."

खाल्ली. कट्‌ वाजलं नाही.

"उद्या कोरडी भाकरी दे."

"आधी दात सोडा," ती म्हणाली.

बघितलं, तर पुन्हा आवळलेले.