एल्वेत्सिओने पसंत केलेला दगड

आमच्या कारारात, इटलीतल्या या संगमरवराच्या गावात, शिल्पकार दोन जातींचे. एक मातीचा हातभर नमुना करतात आणि मिलानला निघून जातात. दुसरे त्या नमुन्यावरून मापं घेत संगमरवरातून सात फुटी पुतळा काढतात. त्यावर सही मात्र पहिल्याची. एल्वेत्सिओ तोनारेल्ली दुसऱ्या जातीचा. चाळीस वर्षं लोकांचे सेनापती, देवदूत आणि उघड्या बायका कोरल्या. त्याची बायको आर्जिया म्हणायची, “जगातल्या बायकांचे गुडघे यांनी घासले. माझे दुखतात, तर तेलाचं बोट नाही.”

पन्नाशी उलटल्यावर, १९६१ साली, त्याला पहिलं स्वतःचं काम मिळालं: खाणीत मेलेल्या मजुरांचं स्मारक. त्याचा भाऊ नेल्लो त्यातलाच. त्याने मातीत नेल्लोच घडवला, पावाबरोबर मुरवलेली डुकराची चरबी खात बसलेला. नगरपालिकेकडून दगड एकच मिळणार होता, पण खाली नाव एल्वेत्सिओचं. हे त्याने इतक्यांदा ऐकवलं, की मी त्याला ‘सहीवाले’ म्हणू लागलो.

एकच घोळ होता. हवेच्या दाबावर धडधडणाऱ्या छिन्नीने त्याचे कान केव्हाच खाल्ले होते आणि हे त्याच्याखेरीज साऱ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही पाठीमागून त्याला शिव्या देऊन बघायचो. मी जरा जास्तच.

दगड निवडायचा तो कानाने. हातोडा मारला की निरोगी दगड खणखणतो, आत चीर असेल तर बद्द वाजतो. आणि मास्तर ऐकत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. तो त्याचा चारचौघांत अपमान.

दगडांच्या वखारीच्या वाटेवर मी त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, “मास्तर, प्रीमोला घ्या बरोबर. तेवढेच दोन कान.”

“प्रीमोला हातोडा धरायला मी शिकवलं. तू पॉलिशवाला, तू घासत बस.”

त्याने हातोडा मारला. बद्द. आम्ही सहा जणांनी ऐकलं. एल्वेत्सिओ डोळे मिटून हसला. “चर्चची घंटा आहे रे ही.” सहाही जण आपापल्या बुटांकडे पाहत राहिलो.

चौदा महिने तो खपला. नेल्लोचं कपाळ आलं, मिशी आली, मांडीवरचा पाव आला. बोटं एकमेकांपासून कोरून सोडवताना दगड मानेपासून कमरेपर्यंत उलला.

दुसरा दगड द्यायला नगरपालिका तयार नव्हती. तिने मेलेल्यांच्या नावांची साधी पाटी बसवली.

“तू होतास तिथे,” एल्वेत्सिओने मला विचारलं. “वाजला होता ना?”

“वाजला होता, मास्तर.”

तो माझ्या ओठांकडे बघत होता. “मग दगडच हरामखोर,” म्हणाला आणि सोमवारी कुणा परदेशी शिल्पकार बाईचा घोडा कोरायला लागला. मरेपर्यंत तेच केलं. वखारीत पुन्हा पाऊल टाकलं नाही. दगड प्रीमो आणायचा.

फुटक्या नेल्लोची कारखान्याच्या मालकाने बेसिनं कापली. पॉलिशला माझ्याकडेच आली. एकाच्या काठावर पावाचा तुकडा शिल्लक होता. तो मी घासून सपाट केला.