खुंटीवरचं जॅकेट

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे चौकट्या म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. त्याचा उद्योगच तसा आहे. कॅमेऱ्यासमोर माणूस आला की कॉम्प्युटरने त्याच्याभोवती चौकट काढायची, तिला नंबर द्यायचा आणि माणूस हलेल तशी ती चौकट त्याच्यामागे पळवायची. जगातली माणसं शोधून देणाऱ्या या गृहस्थाला स्वतःचा चष्मा मात्र रोज आईने शोधून द्यावा लागतो.

सुरुवातीचे प्रयोग अर्थातच आमच्यावर झाले. स्वयंपाकघरात कॅमेरा लागला. आई फ्रिजच्या दाराआड गेली तेव्हा दोन नंबर होती, बाहेर आली ती पाच नंबर होऊन.

"एवढ्यात मी बदलले होय रे?" आईने विचारलं. स्वारी दोन दिवस कॉम्प्युटरसमोरून हलली नाही. तिसऱ्या दिवशी आई फ्रिजच्या दाराआडून दोन नंबरच राहून बाहेर आली, तेव्हा मात्र त्याने तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

पण हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. बाबांनी सव्वीस वर्षं टाइल्सच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवली. मागच्या वर्षी गाडी मागे घेताना झाडणाऱ्या मावशी थोडक्यात बचावल्या. बाबांचं वय झालं, नजर गेली, असं ठरवून मालकांनी त्यांना फाटकावर नोंदवही घेऊन बसवलं. बाबांचं जेवण निम्म्यावर आलं. मग चौकट्याच मालकांना जाऊन भेटला. गाडीला कॅमेरा बसवतो, वाटेत माणूस दिसला की ब्रेक आपोआप लागेल, चाचणी पार पडली तर बाबांना गाडी परत द्या. मालक हो म्हणाले.

चार महिने त्याने गोदामातल्या हमालांचे फोटो काढून कॉम्प्युटरला दाखवले. एकूण आठ हजार. पिवळं जॅकेट घालून उभे हमाल, चालणारे हमाल, कंबरेवर हात ठेवून हसणारे हमाल. लग्नाच्या अल्बमातसुद्धा माणसं इतकी नटून उभी राहत नाहीत.

चाचणीच्या दिवशी डबा द्यायचं निमित्त काढून मीही गेले. टेबलावर मोठा स्क्रीन, त्यासमोर मालक, शेजारी घामाघूम चौकट्या. गाडीवर बाबा. एकेक हमाल वाटेत आला, चौकट उमटली, गाडी थांबली. मालक मान डोलवत होते.

"आता मावशींना बोलवा," ते म्हणाले. "वाचल्या होत्या त्याच ना?"

मावशी आल्या. वाकताना अडचण होते म्हणून त्यांनी जॅकेट काढून बाजूच्या खांबाच्या खुंटीवर टांगलं आणि कंबरेत वाकून झाडायला लागल्या. गाडी निघाली आणि त्यांच्या चांगली चार हात अलीकडे थांबली. मालकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या.

मग भावाचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता. स्क्रीनवर खुंटीवरच्या जॅकेटभोवती सुरेख चौकट होती, नंबरसकट. मावशींभोवती काहीच नव्हतं. त्याच्या कॉम्प्युटरच्या लेखी माणूस म्हणजे उभं पिवळं जॅकेट. जॅकेट वाटेच्या बाहेर होतं, म्हणजे त्याच्यासाठी ब्रेक लागलेला नव्हता.

"गप्प बस," मी त्याच्या कानाशी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला बाबा गाडीवर हवे होते.

तो उठून उभा राहिला. "साहेब, माझ्या कॅमेऱ्याला मावशी दिसल्याच नाहीत. ब्रेक बाबांनी लावलाय."

मालकांचे हात टाळीसाठी उघडले होते, तसेच राहिले. ते गाडीजवळ गेले. "तुम्ही थांबवलीत?"

"मावशी होत्या ना समोर," बाबा म्हणाले. यात विचारण्यासारखं काय, हे त्यांना कळेना.

"त्यांची नजर उत्तम आहे," मावशी झाडता झाडता म्हणाल्या. "त्या दिवशी मीच न बघता गाडीच्या मागे शिरले होते. सांगायला ऑफिसात आलेही होते. तिथल्या लोकांनी 'नंतर या' म्हणून परत पाठवलं."

मालकांनी जमिनीकडे बघितलं, मग बाबांकडे. "सोमवारपासून गाडीवर या," ते म्हणाले आणि चौकट्याकडे वळले. "तुझं यंत्र नापास. दोन महिने देतो."

नापास झालेला इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅमेरा घेऊन तो गोदामात हजर झाला. आठ हजारांत मावशींचा एकही फोटो नव्हता, म्हणून पहिला त्यांचाच काढायचा होता. त्याला बघताच मावशींनी घाईघाईने जॅकेट चढवलं, पदर सारखा केला आणि ताठ उभ्या राहिल्या.

"तसं नको मावशी," तो म्हणाला. "तुम्ही झाडा. मला तुम्ही दिसायला हव्यात."