चपला बाहेर

माझ्या माटोळीला बियरच्या सात बाटल्या टांगल्या होत्या. मधोमध, नारळांच्या जागी, कुणाची तरी चड्डी.

वर्गातल्या पोरांचं काम. हरमलला मोटरसायकली उडवायच्या, किनाऱ्यावर प्यायचं, आणि इब्रामपूरहून बसने येणाऱ्या माझ्यासारखीला "चवथ आयली रे!" म्हणून ओरडायचं. दारात उभी राहून ती पोरं फिदीफिदी हसत होती.

"फकाणां गो! इतलें किदें?" म्हणजे थट्टा केली, त्यात एवढं काय.

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्याकडे गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, रानातली फळं बांधून. तीच माटोळी. चवथ उरकल्यावर आर्ट कॉलेजच्या प्रदर्शनासाठी मी ती पुन्हा बांधली होती. खाली गणपती नाही. रिकाम्या जमिनीवर नुसत्या फळांच्या सावल्या. त्यासाठी बाबा दोन दिवस रानात फिरले होते. कांगले, कवंडळं, घागऱ्या. केवणीच्या सालीचे दोरही त्यांनीच वळले.

बाटल्या सोडवायला मी स्टूल ओढलं, तेवढ्यात सर पाहुण्या बाईंना घेऊन आले. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनासाठी त्या आमच्यातल्या एकाचं काम निवडणार होत्या. आदल्या दिवशी "ही सजावट आहे" म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. आज थांबल्या.

"आता यात काहीतरी घडलंय. हे असंच पाठवू."

हे माझं नाही, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. मुंबई दिसत होती. सांगायला लाज वाटते, पण मी हसले.

आणि बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. दाराबाहेर चपला काढल्या. सगळे बूट घालून आत, बाबा एकटे अनवाणी. घरच्या सवयीने ते माटोळीखाली गेले, रिकाम्या जमिनीला हात जोडले, मग वर पाहिलं.

पोरांनी मोबाईल काढले. बाई म्हणाल्या, "काका, असेच उभे राहा. आता काम पूर्ण झालं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. राहा उभे. माझ्या बापाला त्या चड्डीखाली मी उभं केलं. ते पोरांनी नाही केलं.

फोटो झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बाये, तुका अशीच जाय आशिल्ली काय गो?"

रागावले असते तर बरं झालं असतं. तुला अशीच हवी होती का, हे ते खरंच विचारत होते. शिकलेल्या मुलीला कदाचित हेच हवं असेल, असं वाटलं होतं त्यांना.

मी स्टुलावर चढले. दोऱ्या कापून एकेक बाटली खाली ठेवली, चड्डीही काढली.

"बिघडवतेयस तू. मग हे पाठवता येणार नाही," बाई म्हणाल्या.

"नका पाठवू."

मुंबईला त्याच टोळक्यातल्या एकाचं काम गेलं. बाबांचा फोटो अजून मोबाईलवर फिरतो. मी जवळून गेले की कुणीतरी मुद्दाम "काका, असेच उभे राहा" म्हणतं. बाबा पुन्हा कॉलेजात आले नाहीत. बोलावलं की म्हणतात, "शेतांत काम आसा." एवढंच. त्यापुढे मला विचारवत नाही.

यंदा शेवटचं वर्ष. मी पुन्हा माटोळीच बांधणार. रानात मी जाईन, दोर मी वळीन. दाराशी पाटी लावीन: चपला बाहेर. सरांना, बाईंना, त्या पोरांना, सगळ्यांना. ज्याला बूट काढायचे नाहीत त्याने दारातूनच परत जावं. बाबा आले नाहीत तरी ती पाटी निघणार नाही.