मेहुण्यांच्या चारित्र्याचा दाखला

छत्रपती संभाजीनगरात ज्याचं आजोळ आमच्या चुलत मेहुण्यांना ठाऊक नाही असा माणूस सापडणं अवघड, आणि सापडलाच तर त्याला अजून त्यांच्या टॅक्सीत बसायचा योग आला नाही एवढंच समजावं. नात्यानं ते हिच्या थोरल्या काकांचे चिरंजीव, म्हणून सगळं घर त्यांना दादा म्हणतं. मीही म्हणतो. माझ्याकडे गाडी चालवायचा परवाना आहे, धैर्य नाही. तेव्हा ज्याच्या मागच्या सीटवर बसून निम्मं आयुष्य काढलं त्याला दादा म्हणण्यात कमीपणा कसला? मोबाइलवरून बोलवायच्या टॅक्सीच्या धंद्यात दादा उतारवयात शिरले आणि तिथंही त्यांनी स्वतःचाच कायदा चालवला. रेल्वे स्टेशनवरचा प्रवासी गाडीत बसून ओटीपीचे आकडे सांगायला लागला की दादा म्हणायचे, "ते सांगा निवांत. आधी गाव सांगा." गाव पाचोड निघालं की पाचोडातली गल्ली, गल्लीवरून घराणं, घराण्यावरून मामा, असं करत सिडको येईपर्यंत ते त्या बिचाऱ्याच्या आजीच्या माहेरी पोहोचलेले असत. एकदा एका पोरानं वैतागून आपण बंगलोरचे असल्याचं ठणकावलं. दादा शांतपणे म्हणाले, "आत्ता व्हय. पण त्याच्या आधी?" क्रांती चौकात पोरगा कबूल झाला की आजोबा गंगापूरचे. प्रवासी दादांना तारे द्यायचे तसे दादाही प्रवाशांना द्यायचे, आणि मामाचं नाव लपवणाऱ्याला दोनाच्या वर कधी मिळाले नाहीत.

नकाशातून रस्ता सांगणाऱ्या बाईंशीही त्यांचे घरोब्याचे संबंध होते. "बाई, तुमचं बरोबर असंल, पण कालपास्नं तिथं पाइपलाइनसाठी खोदून ठिवलंय. तुमाला कुणी कळवलं नसंल," असं समजावून ते गाडी भलत्याच गल्लीत घालत, पण बाईंचा आवाज त्यांनी कधी बंद केला नाही. बाईमाणसाला मधेच गप्प करणं त्यांना बरं दिसत नसे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे जावई. एसीनं घसा धरतो या सबबीवर उन्हाळाभर खिडक्या उघड्या ठेवणारे दादा, प्रवासी सासुरवाडीला निघालाय असं कळताच काचा वर करून गारठा सोडत, आणि उतरताना त्याला स्वतःच्या बॅगेला हात लावू देत नसत. मी एकदा म्हटलं, दादा, तो तुमच्या गावचासुद्धा जावई नाही. तर म्हणाले, "जावई म्हंजी जावई. कुणाचा का असंना."

अशा माणसाची पार्श्वभूमी तपासायची, असं सरकारनं ठरवलं. ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा नवा दाखला आणायचा, नाहीतर गाडी बंद. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी अनोळखी माणसांच्या गाड्यांतून एकटी हिंडते. पुढे बसलेला कोण, हे कुणीतरी बघायलाच हवं. स्टेशनवरचे सगळे चालक कामाला लागले. दादांचे जोडीदार सलीमभाई तेवढे खचले होते. "मेरा अटकेगा देखना, दादा. नाम देख केच बाजू कू रखेंगे." दादांनी त्यांना धीर दिला, सोबत ठाण्यात गेले, तिथल्या हवालदाराचं आजोळ काढून त्याला चहा पाजला. सलीमभाईंचा दाखला कोरा करकरीत आला. दादांच्या दाखल्यावर शेरा होता: हयगयीनं वाहन चालवून एकास दुखापत, आरोपीस गुन्हा कबूल, दंड. कंपनीनं त्यांचं खातं बंद केलं. मी त्यांच्या वतीनं कंपनीला फोन लावला, तर एक यंत्र मला एक दाबा, दोन दाबा सांगत राहिलं. त्या यंत्राची मी केलेली मनधरणी हिनं ऐकली. तिच्या मते लग्न जमवतानाही मी एवढा नम्र नव्हतो.

शेरा खरा होता. गुन्हा झाला होता, माणसाचा पाय मोडला होता, दादांनी तो कोर्टात कबूलही केला होता. फक्त तो त्यांनी केलेला नव्हता. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी हिच्या थोरल्या बहिणीचं लग्न लासूर स्टेशनला होतं. दादांची तेव्हा काळीपिवळी जीप होती, गंगापूर-लासूर फेऱ्या मारणारी. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मांडवाकडे परत निघाला आणि मित्रांनी चढवल्यावर हट्टानं जीप चालवायला बसला. डोक्याला बाशिंग, डोळ्यांपुढे मुंडावळ्या. त्या झालरीतून जेवढा रस्ता दिसला तेवढ्यावर त्यानं ती सरळ पानाच्या टपरीत घातली. टपरीवाल्याला दादांनीच उचलून दवाखान्यात नेलं. पोलीस आले तेव्हा अंतरपाट धरायची वेळ झाली होती, आणि नवरदेवाची सरकारी नोकरीची ऑर्डर नुकतीच निघालेली. जावयाला मांडवातून ठाण्यात कसं पाठवायचं, या प्रश्नावर सासुरवाडीची सगळी वडीलधारी मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. दादा पुढे झाले आणि म्हणाले, गाडी माझी, मीच चालवत होतो. मग पोलिसांनी त्यांना गाडीत घालून नेलं आणि इकडे मंगलाष्टकं सुरू झाली. पुढे त्या जावयाच्याही चारित्र्याची पडताळणी झाली, नोकरीत रुजू होताना. ती लख्ख निघाली. ते मोठे अधिकारी होऊन निवृत्त झाले. ते माझे साडू.

मी आणि ही त्यांच्याकडे गेलो. गाडी तुम्ही चालवत होतात एवढं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या, म्हणजे दादांना कुठंतरी दाद मागता येईल, असं मी जमेल तितक्या गोड भाषेत सांगितलं. साडूंनी चहा मागवला. इतक्या वर्षांनी कशाला, पेन्शनला काही झालं तर कोण निस्तरणार, असं बरंच बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "वाईट वाटतं हो. पण प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. रेकॉर्ड ते रेकॉर्ड." मेहुणी बशीतली बिस्किटं नीट लावत होती. ती लावून झाली तरी लावत होती.

दादांना हे कळलं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले.

"तुमी तिथं गेलातच कशाला? जावयाला असं विचारायचं असतं व्हय?"

"दादा, तुमची गाडी बंद झाली."

"माझी गाडी बंद झाली. बहिणीचा संसार झाला का नाय?"

मीही त्याच घरचा जावई. त्याच मानाचे अनारसे खात आलेला. सलीमभाईंनी आपल्या नावावर चालवायला गाडी देऊ केली, तर दादा हसले. "एकदा दुसऱ्याचं चालवणं आपल्या नावावर घेतलं, सलीमभाई. बास झालं." एवढा एकच कडू शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला. महिन्याभरात त्यांनी टॅक्सी विकून टाकली.

अधिक महिना आला. गाडी नसलेल्या दादांनी बहिणींना आणि आम्हा दोघा जावयांना धोंड्याचं जेवण दिलं. पाटाभोवती रांगोळी होती, वहिनींनी पुरणाचे धोंडे केले होते, आणि दादा साडूंच्या पानात आग्रहानं तूप वाढत होते. साडूही संकोचून पुरे पुरे म्हणत होते, पण जेवले व्यवस्थित. निघताना त्यांनी मोबाइलवरून टॅक्सी बोलावली. ती फाटकाशी लागली तेव्हा दादा आहेराच्या पिशव्या घेऊन स्वतः खाली आले, पिशव्या डिकीत ठेवल्या आणि चालकाच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "सावकाश न्या. आमचे जावई हायेत."

गाडी निघाली. मी दादांच्या शेजारी उभा होतो. कोपऱ्यावर एक हातगाडी आडवी आली, आणि फाटकात उभ्या दादांचा उजवा पाय चपलेसकट जमिनीवर हलकेच दाबला गेला. तिकडे टॅक्सी वेळेवर थांबली, हातगाडी गेली, साडू वळून दिसेनासे झाले. दादांनी पाय मात्र थोडा वेळ तसाच ठेवला.